वळताना गाडी घरघरते: रॅक बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली, पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक. राहणं गुहागरला, चिपळूणला नेहमीची ये-जा, दापोलीकडे जायचं झालं तर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरता. जुलैच्या पावसात कॉजवेवरच्या पाण्यातून गाडी काढली आणि त्यानंतर काही दिवसांनी उजव्या वळणावर पुढून घरघर सुरू झाली. सरळ रस्त्यावर जेमतेम ऐकू येते, उजवीकडे वळताना स्पष्ट, डावीकडे वळताना बंद. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) गेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने दोन्ही बाजूंची बेरिंग बदला म्हटलं. गणपती झाले की आईला घेऊन कुंभार्ली घाटाने कराडला जायचं आहे.

रॅकवर आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. कारण तुमच्या वर्णनातच आहे. परशुराम घाटातल्या लांब वळणावर आवाज सलग येत राहतो असं तुम्ही लिहिलंय. लांब वळणात आपण स्टिअरिंग एकदा वळवतो आणि तसंच धरून ठेवतो. त्या वेळात रॅक जागचा हलत नाही. रॅकच्या आतले दाते घासत असते, तर स्टिअरिंग फिरवताना आवाज आला असता आणि हात थांबला की तोही थांबला असता. तुमचा आवाज हात थांबल्यावरही चालू राहतो आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. म्हणजे तो चाकाबरोबर गोल फिरणाऱ्या वस्तूचा आहे. पुढच्या चाकाबरोबर फिरतं काय? टायर, ब्रेकची डिस्क, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), बेरिंग (ज्यावर हब फिरतो) आणि एक्सल (इंजिनाची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडा). शोध एवढ्यातच घ्यायचा.

'वळताना आवाज येतो' हे ऐकलं की सगळ्यांचा हात आधी स्टिअरिंगकडे जातो, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. वळणावर दोन वेगळ्या गोष्टी एकदम घडतात. एक, स्टिअरिंगचे सांधे हलतात. दोन, गाडीचं वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातं. पहिल्यामुळे होणारा आवाज गाडी उभी असतानाही काढता येतो. दुसऱ्यामुळे होणारा आवाज गाडी चालल्याशिवाय येत नाही. म्हणून पहिली तपासणी अंगणातच करा. इंजिन चालू, गाडी उभी, काच खाली, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. काहीच आवाज आला नाही तर रॅक, टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतची दांडी), स्ट्रटचं म्हणजे स्प्रिंगसकट असलेल्या शॉकअपचं वरचं बेरिंग हे सगळे तूर्तास बाजूला ठेवायचे.

उभ्या गाडीत करकर किंवा 'टंग' असा आवाज आला, तर प्रकरण वेगळं. एकाला स्टिअरिंग फिरवायला बसवा आणि तुम्ही मडगार्डमधून हात घालून शॉकअपच्या स्प्रिंगवर हलकी बोटं टेकवा. वेटोळ्यांच्या फटीत बोट जाऊ देऊ नका. स्प्रिंग चाकाबरोबर सरळ न फिरता आधी पीळ घेत असेल आणि मग झटक्याने सुटत असेल, तर वरचं स्ट्रट बेरिंग अडकलंय. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे नेहमीचं. पाणी वरून झिरपतं आणि बेरिंग गंजून जाम होतं. ते बदलायला स्प्रिंग दाबून धरावी लागते आणि तशी दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम घरी अजिबात करायचं नाही. आवाज स्टिअरिंगच्या चाकाखालूनच, प्लॅस्टिक घासल्यासारखा येत असेल तर कॉलमचं कव्हर किंवा एअरबॅगच्या वायरीची स्पायरल केबल बघायची, आणि ते एअरबॅगचं काम असल्यामुळे तेही माहितगाराकडेच. जुन्या, तेलाच्या पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत पूर्ण वळवल्यावर पंप कण्हतो. तिथे आधी तेलाची पातळी बघायची. तुमच्याकडे इलेक्ट्रिक आहे, तेव्हा तो विषय संपला.

आता चालत्या गाडीकडे. उजवीकडे वळताना गाडी डावीकडे झुकते, डाव्या चाकांवरचा भार वाढतो. उजव्या वळणावर आवाज वाढतो आणि डाव्या वळणावर जातो, म्हणजे संशयित डाव्या बाजूला आहे. पुढचंच चाक असेल असं मात्र धरून चालू नका. छोट्या गाडीत मागच्या चाकाची घरघर पत्र्यातून पुढे येते आणि भल्या भल्या कानांना फसवते. डाव्या बाजूची दोन्ही चाकं तपासा.

रस्त्यावरची तपासणी सपाट, मोकळ्या जागी करा. महामार्ग क्रमांक ६६ चा चौपदरी झालेला सरळ, रिकामा तुकडा सकाळच्या वेळी मिळाला तर उत्तम. पन्नास-साठच्या वेगाला आवाज ऐका, मग अॅक्सिलरेटर सोडून क्षणभर न्यूट्रल करा. इंजिनाचे फेरे पडले तरी आवाज तसाच राहिला, तर तो इंजिन-गिअरबॉक्सचा नाही, चाकाचा आहे. ही तपासणी घाटात करायची नाही, उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक घालवून बसणं. त्यानंतर पुढेमागे कोणी नाही याची खात्री करून आपल्याच लेनमध्ये स्टिअरिंग अगदी थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे करा. उजवीकडे करताच जात्यासारखी घरघर चढली आणि डावीकडे करताच बसली, तर डावं बेरिंग बोलतंय असं मी नव्वद टक्के म्हणेन.

उरलेले दहा टक्के टायरमध्ये असतात. टायर असमान झिजून त्यावर उंचवटे आले की तोही बेरिंगसारखाच हुंकारतो. फरक असा की टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो: काँक्रीटवर मोठा, गुळगुळीत डांबरावर कमी. बेरिंगला रस्ता कुठलाही चालतो, त्याचा सूर तोच. शंका राहिलीच तर डाव्या बाजूचं पुढचं टायर मागे आणि मागचं पुढे करून परत तोच रस्ता चालवा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर बेरिंग निर्दोष. टायरवरून तळवा आडवा फिरवून पाहिलात तरी पुष्कळ कळतं. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागलं तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे.

टक-टक-टक असा आवाज असता तर मी तुम्हाला वेगळंच उत्तर दिलं असतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत एक्सलच्या बाहेरच्या टोकाला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा, असतो. तो झिजला की मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू वेगात अॅक्सिलरेटर दिला की टकटक ऐकू येते, वेग घेतला की आणखी जोरात. घरघर हे त्याचं लक्षण नाही, तरी गाडी उचललीच आहे तर त्याचा रबरी बूट बघून घ्या. बूट फाटला की आतलं काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे उडालेलं दिसतं. कोकणात फाटक्या बुटाला माफी नाही. जांभ्याचं लाल पाणी आणि बारीक वाळू आत गेली की एका पावसाळ्यात जॉइंट संपतो. आवाज सुरू होण्याआधी फाटका बूट सापडला तर जॉइंट उघडून, धुऊन, सीव्ही जॉइंटचंच मॉलिब्डेनम ग्रीस भरून नवा बूट आणि क्लॅम्प बसवला की काम भागतं. टकटक सुरू झाल्यावर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही.

गाडी उचलायची कशी, तेही सांगतो, कारण आपल्याकडची अंगणं उताराची आणि जमीन ओली. सपाट, कडक जागा बघा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅकखाली जाड फळी घाला म्हणजे तो मातीत रुतणार नाही. गाडी उचलली की स्टँड लावा. गाडीखाली जांभ्याचा चिरा लावायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. जांभा ठिसूळ असतो, एका बिंदूवर भार आला की कधी फुटेल सांगता येत नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात, डोकं काहीही घालू नका.

चाक हवेत आलं की न्यूट्रल करून ते हाताने फिरवा. आधी कानाने ऐका. चर्रर्र असा पत्र्याचा आवाज असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण बहुधा डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यात खडी अडकलेली असते किंवा पत्रा वाकून डिस्कला लागत असतो. कच्च्या पाणंदीवर आणि खडी टाकलेल्या रस्त्यावर हे सारखं होतं. चाक काढून बघितलंत तर डिस्कवर एक चकचकीत ताजी रेघ दिसेल, पत्रा तिथेच लागतोय. बोथट स्क्रूड्रायव्हरने पत्रा एक-दोन मिलिमीटर मागे वाकवला की आवाज गेला. पत्रा गंजून जाळी झाला असेल तर काही जण तो फाडून टाकतात. मी टाकत नाही. तो डिस्कवर येणारं चिखलपाणी अडवतो आणि पावसात पहिला ब्रेक नीट लागण्यात त्याचा वाटा असतो. मात्र बऱ्याच गाड्यांत तो हबच्या मागे असतो, हब काढल्याशिवाय निघत नाही. म्हणून बेरिंगचं काम निघालं की त्याच वेळी पत्राही नवा घालून घ्यावा.

चाक काढलेलंच आहे तर ब्रेक पॅड बघा, आणि आतला पॅड बघा. बाहेरचा पॅड रिममधून दिसतो, म्हणून सगळे तोच बघतात आणि 'अजून अर्धा शिल्लक आहे' म्हणून मोकळे होतात. खाऱ्या हवेत कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकणाऱ्या पिना गंजून अडकतात. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटाच घासत राहतो आणि बाहेरचा जाड असतानाच आतल्याचा लोखंडी पत्रा डिस्कला टेकतो. पॅडचं घासणारं अस्तर तीन मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर दोन्ही चाकांचे पॅड बदला, एका बाजूचे कधीच नाही. पिना काढून, गंज पुसून, त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलंत तर पिनांची रबरं फुगतात आणि पिना पुन्हा जाम होतात. तुमचा आवाज ब्रेक दाबल्यावर बदलतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी लक्ष द्या: हलका ब्रेक दाबताच घासणं वाढलं किंवा थांबलं तर डिस्क-पॅडकडे बघायचं, ब्रेकने काही फरक पडला नाही तर बेरिंगवरचा संशय पक्का.

पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते, तो डिस्कवर रात्रीत चढलेला गंज. तो पुसला जातो, त्याची काळजी करायची नाही. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गावातल्या बंद गाड्यांत मात्र महिनोन्महिने उभं राहून डिस्कच्या कडेला गंजाची जाड कड चढते आणि ती पत्र्याला, पॅडला घासते. ती आपोआप जात नाही, डिस्क उतरवून बघावी लागते.

आता बेरिंगची खरी परीक्षा. एका हाताने चाक सावकाश फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवून ठेवा. चांगलं बेरिंग फिरताना स्प्रिंगमध्ये काहीही जाणवत नाही. खराब बेरिंगची खरखर नकलमधून (बेरिंग ज्यात बसतं तो जाड भाग) शॉकअपला आणि तिथून स्प्रिंगला येते, बोटांना बारीक वाळू फिरल्यासारखी लागते. कानाला ऐकू न येणारं बेरिंगसुद्धा बोटाला कळतं. मग उजव्या चाकावर हेच करा. दोन्हींतला फरक तुम्हाला स्वतःला जाणवेल, त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही.

त्यानंतर चाक वर-खाली धरून हलवा, एक हात वर, एक हात खाली. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेरिंगचा. राहिला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा बुश ढिला आहे. कारण ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात, बेरिंगला हलायला जागाच उरत नाही. मग डावी-उजवी बाजू धरून हलवा. तिथला खेळ बहुधा टाय रॉड एंडचा किंवा रॅक एंडचा. हलवताना खेळ अजिबात नाही, तरीही घरघर आहे, असं वारंवार होतं. खेळ नाही म्हणून बेरिंग चांगलं, असा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका.

तुमच्या बाबतीत कॉजवेचं पाणी मला महत्त्वाचं वाटतं. गाडी चालून हब गरम झालेला असतो. तो एकदम गार पाण्यात गेला की बेरिंगमधली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. सील जुनं असेल तर आणखी सोपं. एकदा पाणी गेलं की ग्रीसचं दुधट, मग तांबूस पाणचट मिश्रण होतं, गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि आठवडा-पंधरवड्याने आवाज सुरू होतो. मधले दिवस गाडी अगदी ठणठणीत वाटते, म्हणूनच लोकांना पाण्याशी संबंध लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत इंजिन, सीट, वायरिंग याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. चाकांची बेरिंग कोणी विचारली नाहीत आणि ती पुढच्या महिन्यांत एकेक करून बोलू लागली. या भागातली जुनी गाडी घेणाऱ्याने ही बोटांची परीक्षा चारही चाकांवर करून मगच व्यवहार करावा.

फेरीबोटीच्या उतारावर भरतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यात जातात, तेही तितकंच वाईट. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी घालणाऱ्यांना तर मी हात जोडतो. गाडी खाऱ्या पाण्यातून आलीच तर गार झाल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवा, साध्या पाइपने. जोरदार प्रेशरचा फवारा हबवर जवळून मारला की तोच पाणी सीलच्या आत ढकलतो. आणि थार, बोलेरोसारखी फोर व्हील ड्राइव्ह गाडी असलेल्या कोणाला कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळल्यासारखी, कुरकुरल्यासारखी वाटत असेल, तर आधी फोर व्हीलचा गिअर काढून टू व्हीलवर करा. वाळूतून वर आल्यावर तो तसाच राहून गेलेला असतो.

डावं बेरिंग ठरलं, तर दुरुस्ती कुठे करायची याचा विचार नीट करा, कारण बेरिंग बदलण्याचं काम चांगलं झालं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि वाईट झालं तर दोन महिन्यांत तीच घरघर परत. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं बेरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं. नकल गाडीवरून उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर न्यायची. ज्या गॅरेजमध्ये प्रेस नाही आणि जो हातोड्याने ठोकून बेरिंग बसवतो, तिथे हे काम करू नका. नसेल गॅरेजकडे प्रेस, तर नकल काढून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे पाठवायला सांगा, चिपळुणात असे लोक मिळतात.

तिथे उभं राहून चार गोष्टी बघा. बेरिंग नकलमध्ये बसवताना प्रेसचा दाब बेरिंगच्या बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. हब बेरिंगमध्ये घालताना आतल्या कड्याला खालून आधार पाहिजे. दाब उलट कड्यावर पडला की तो गोळ्यांमधून जातो, गोळ्यांचे ठसे कड्यावर उमटतात आणि नवं बेरिंग प्रेसवरच मरतं. दुसरं, जुनं बेरिंग निघताना त्याचं आतलं कडं बऱ्याचदा हबवरच चिकटून राहतं. ते ग्राइंडरने कापताना हबच्या दांड्याला चीर पडली तर तो हब गेला. 'चालतंय' म्हणाला तरी मान्य करू नका. तिसरं, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या अनेक गाड्यांत बेरिंगच्या एका तोंडाच्या सीलवर चुंबकीय कडं असतं आणि ते तोंड सेन्सरच्या बाजूलाच हवं. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम परत. खिळा किंवा टाचणी जवळ नेली तर चुंबक कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं, पण ती सीलला घासू देऊ नका. चौथं, नकलच्या भोकातला गंज एमरी पेपरने पूर्ण साफ झालेला असावा आणि सर्क्लिप (बेरिंग जागेवर धरणारी कडी) नवी असावी. किनाऱ्यावरच्या गाडीत जुनी सर्क्लिप परत वापरण्यासारखी निघतच नाही.

एक्सलचा मोठा नट नवा घ्या. जुन्या नटाची कड एकदा ठोकून वाकवलेली असते, ती दुसऱ्यांदा तशी धरत नाही. तो टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरापर्यंत आवळायच्या पान्याने) आवळायचा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण दीडशे ते अडीचशे न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायला लावा. लांब टॉमीवर उभं राहून अंदाजाने आवळणं हे बेरिंग लवकर जाण्याचं मोठं कारण आहे: कमी आवळला तर आतली दोन कडी एकमेकांना घट्ट धरली जात नाहीत, जास्त आवळला तर बेरिंग तापतं. नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टेकवू नये. नकल शॉकअपपासून सोडवली होती, म्हणून काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट तपासून घ्या, नाहीतर नवं टायर एका कडेने खाल्लं जाईल.

दोन्ही बाजूंची बेरिंग बदला म्हणणाऱ्या दुसऱ्या गॅरेजवाल्याचं निदान पहिल्यापेक्षा बरोबर आहे, पण त्याचं बिल मी दुप्पट होऊ देणार नाही. पॅड, शॉकअप जोडीने बदलतात. बेरिंग जोडीनेच बदललं पाहिजे असं नाही. उजवं चाक बोटांच्या परीक्षेत साफ निघालं तर त्याला हात लावू नका. बेरिंग मात्र नावाजलेल्या कंपनीचं किंवा गाडीच्या कंपनीचं घ्या, सील शाबूत असलेल्या खोक्यातलं. डमी मालात वाचणारे पैसे पुढच्या मजुरीत जातात. चांगलं बेरिंग घेऊन, प्रेसची मजुरी, नवा नट, सर्क्लिप आणि अलाइनमेंट धरूनसुद्धा खर्च रॅकच्या खर्चाच्या जवळपासही जाणार नाही.

तोपर्यंत गाडी चालवायची का? खेळ नसेल, एबीएसचा दिवा नसेल, तर हळू वेगाने चिपळूणपर्यंत दुरुस्तीला नेता येईल. तिथे पोहोचल्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न टेकवता नुसता धरा आणि दोन्ही बाजूंची ऊब ताडून बघा. डावं चाक लक्षात येण्याइतकं जास्त तापलेलं असेल तर गाडी परत चालवत आणू नका, तिथेच ठेवा. कुंभार्ली घाट या बेरिंगवर चढायचा नाही. उजवी वळणं एकामागून एक येतील आणि प्रत्येक वळणाला सगळा भार त्याच चाकावर. बेरिंग पूर्ण मोडलं तर चाक डगमगतं, डिस्क कॅलिपरमध्ये पॅडना मागे ढकलते आणि ब्रेकचा पेडल खोल जातो. घाटाच्या उतारावर हे होणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये, आणि तुमच्या गाडीत आई बसलेली असणार.

काम झाल्यावर जुनं बेरिंग मागून घ्या. तुमच्या पैशाचं आहे ते. कडी वेगळी करून आत बघा. ग्रीस तांबूस-पाणचट आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके असतील तर पाण्यानेच गेलं; मग उजव्या चाकाने आणि मागच्या दोन चाकांनीही तेच पाणी प्यायलेलं आहे, तेव्हा ती बोटांची परीक्षा कराडला निघण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा करा. ग्रीस चांगलं पण कड्यावर सारख्या अंतरावर खळगे दिसले तर खड्ड्याचा जबर दणका बसलाय. त्याच बाजूचं रिम वाकलंय का आणि लोअर आर्म सरळ आहे का ते बघून घ्या. कडं निळसर पडलं असेल तर बेरिंग तापलं होतं. हे बेरिंग आधी कोणी बदललं असेल, तर तेव्हा नट कशाने आवळला होता, हे त्या माणसाला विचारा. आणि चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पान्याने एकदा तपासा, घाट चढण्याच्या आधी.